झोपलेल्या माणसाची साक्ष

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत तिसरी पाळी सुटते ती उजाडल्यावर. आठच्या सुमाराला पहिल्या पाळीची यंत्रं चांगली तापलेली असतात, आणि रात्रभर लेथपुढे उभी राहिलेली माणसं दासरहळ्ळी-जालहळ्ळीच्या भाड्याच्या खोल्यांत खिडकीला चादर लावून आडवी होतात. ही सकाळची झोप स्वप्नं फार दाखवते. अंग मेल्यासारखं पडलेलं, डोकं मात्र पुरतं विझलेलं नसतं, आणि चालू स्वप्नातच कधीतरी मनात येऊन जातं की अरे, हे तर स्वप्न आहे. पुष्कळांना असं होतं. चहाच्या टपरीवर कुणी ते सांगतो, बाकीचे हसतात, आणि विषय पगारावर जातो.

हसणाऱ्यांचा दोष नाही. विसाव्या शतकाचा मोठा भाग उलटेपर्यंत जाणते लोकही हेच करत होते. स्वप्नात असताना ‘मी स्वप्नात आहे’ हे कळणं, आणि कळल्यावर त्या स्वप्नाचा लगाम हातात घेणं, याला आज ल्युसिड ड्रीमिंग म्हणतात. मी सजग स्वप्न म्हणेन. हा अनुभव जुना आहे. त्याला पुरावा मिळाला तो मात्र १२ एप्रिल १९७५ रोजी, इंग्लंडमधल्या हल विद्यापीठाच्या निद्रा-प्रयोगशाळेत, आणि तोही सकाळचे आठ वाजून गेल्यावर. पीण्यातला तिसऱ्या पाळीचा माणूस ज्या वेळेला स्वप्नात शिरतो, त्याच वेळेला. हा निव्वळ योगायोग नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

त्याआधी ही गोष्ट सांगितली अनेकांनी, पण प्रत्येकाची साक्ष त्याच्यापुरतीच राहिली. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य जनकाला सांगतो की स्वप्नात रथ नसतात, घोडे नसतात, रस्तेही नसतात. ते सगळं पाहणारा स्वतःच निर्माण करतो. पतंजलीच्या योगसूत्रांत पहिल्या पादाच्या अडतिसाव्या सूत्रात स्वप्न आणि निद्रा यांतल्या ज्ञानाचा आधार घेऊनही चित्त स्थिर करता येतं, असं म्हटलंय. तिबेटी परंपरेत नारोपाच्या सहा साधनांपैकी एक सबंध साधना स्वप्नाची आहे. आधी स्वप्न ओळखायचं, मग त्यातल्या वस्तू बदलायच्या, एकाच्या अनेक करायच्या, आणि अखेरीस जागेपणीचं जगही तितकंच पोकळ आहे हे जाणायचं. ही परंपरा सांगणारे मठ आज आपल्या शेजारीच, म्हैसूरजवळच्या बैलकुप्प्याला आहेत. उलट चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिलेत – दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज – आणि त्यांत सजग स्वप्नाला वेगळी जागा नाही. वैद्याला स्वप्न हे रोग्याचं लक्षण म्हणून हवं होतं. त्या रोग्याला स्वप्नात स्वप्न कळत होतं का, हा त्याचा प्रश्नच नव्हता.

मराठी माणसाला इथे तुकोबांचं स्वप्न आठवणार. माघ शुद्ध दशमीचा गुरुवार, बाबाजी चैतन्यांनी मस्तकावर ठेवलेला हात. बहिणाबाईंनाही तुकोबांचा अनुग्रह कोल्हापुरात असताना स्वप्नातच झाला. ही स्वप्नं आपल्या परंपरेत फार मोठ्या अधिकाराची आहेत, आणि म्हणूनच ती या गोष्टीत मिसळू नयेत असं मला वाटतं. तिथे गुरू येतो, देतो आणि जातो. घेणाऱ्यानं स्वप्नाचा लगाम धरलेला नसतो, तशी त्याची इच्छाही नसते.

युरोपात इसवी सन ४१५च्या सुमाराला संत ऑगस्टिननं एका पत्रात गेन्नाडियस नावाच्या वैद्याचं स्वप्न लिहून ठेवलं. स्वप्नातला तरुण वैद्याला विचारतो, तुझं शरीर आत्ता कुठे आहे? वैद्य म्हणतो, बिछान्यात. मग तुझे डोळे मिटलेले असणार. तर मला कुठल्या डोळ्यांनी पाहतोयस? वैद्य निरुत्तर होतो. ऑगस्टिनला यातून मरणानंतरच्या जीवनाचा दाखला द्यायचा होता. पण तो डोळ्यांचा प्रश्न तसाच उरला, आणि दीड हजार वर्षांनी उत्तर आलं तेही डोळ्यांतूनच.

एकोणिसाव्या शतकात हर्वे द सॅं-दनी हा फ्रेंच सरदार, पुढे पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये चिनी भाषेचा प्राध्यापक झालेला, तेराव्या वर्षापासून आपली स्वप्नं टिपत होता. १८६७ साली त्यानं स्वप्नं आणि ती वळवण्याचे उपाय यांवर एक पुस्तक निनावी छापलं. त्याच्या प्रयोगांतला एक मला फार आवडतो. विवारे या डोंगराळ मुलुखात राहायला जाताना त्यानं एक नवीन अत्तर बरोबर नेलं आणि तिथे असेपर्यंत रोज तेच वापरलं. परतल्यावर कुपी बंद. काही महिन्यांनी नोकराला सांगून ठेवलं की एखाद्या रात्री, मला न सांगता, माझ्या उशीवर या अत्तराचे दोन थेंब टाक. ज्या रात्री थेंब पडले, त्या रात्री स्वप्नात विवारेचे डोंगर आले. बाहेरून आत निरोप पाठवता येतो, हे त्यानं दाखवलं. आतून बाहेर कसा पाठवायचा, हे मात्र त्याच्याकडे नव्हतं. तो सांगायचा ते जागा झाल्यावर, आणि जागा झालेला माणूस काहीही सांगू शकतो.

पुढे १९१३ साली फ्रेडरिक फान एडन या डच मनोवैद्यानं लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चपुढे निबंध वाचला आणि या स्वप्नांना ल्युसिड हे नाव दिलं. हा माणूस कादंबरीकारही होता; रवींद्रनाथांची गीतांजली डच भाषेत त्यानंच नेली. स्वप्नातल्या एका काचेच्या पेल्याची हकीकत त्यानं लिहून ठेवलीय. हे स्वप्न आहे हे ठाऊक असल्यामुळे त्यानं मुठीनं पेल्यावर जोरात घाव घातला. पेला जसाच्या तसा. त्यानं दुसरीकडे पाहिलं, पुन्हा वळून पाहिलं, तेव्हा तो फुटलेला होता. फुटला खरा, पण जरा उशिरा. इतकं बारीक निरीक्षण खोटं बोलणाऱ्याला सुचत नाही, असं मला ते वाचताना वाटलं होतं. पण मला असं वाटणं म्हणजे पुरावा नव्हे, आणि तत्त्वज्ञांना तर ते मुळीच पटलेलं नव्हतं. १९५९ साली नॉर्मन माल्कम या अमेरिकी तत्त्वज्ञानं स्वप्नांवरच्या आपल्या पुस्तकात युक्तिवाद मांडला की झोपलेला माणूस काही ठरवतो, जाणतो, निवाडा करतो, असं म्हणण्याला अर्थच नाही. ज्याला जाणीव आहे तो झोपलेला नाही. जो झोपलाय त्याला जाणीव नाही. वाद संपला.

तो संपला नव्हता याचं कारण शिकागोत सहा वर्षं आधीच सापडलं होतं. युजीन ॲसरिन्स्की नावाचा विद्यार्थी आपल्या आठ वर्षांच्या मुलाला, आर्मंडला, प्रयोगशाळेत झोपवून त्याच्या डोळ्यांच्या हालचाली कागदावर उमटवत होता. एका रात्रीला सुमारे अर्धा मैल कागद लागायचा. झोपलेल्या पोराचे डोळे मिटल्या पापण्यांआड मधूनमधून झरझर फिरताना दिसले. आधी त्याला यंत्र बिघडल्याचा संशय आला. यंत्र ठीक होतं. १९५३ साली ॲसरिन्स्की आणि त्याचे गुरू नथॅनिएल क्लाइटमन यांनी हे छापलं, आणि रेम झोप – डोळे फिरण्याची, ठळक स्वप्नांची झोप – शास्त्राला माहीत झाली. पुढे फ्रान्समध्ये मिशेल जूवे यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की या झोपेत मेंदू शरीराच्या स्नायूंना कुलूप घालतो. कुलूप नसतं तर मांजर झोपेत उठून स्वप्नातल्या उंदरावर झेप घेतं.

हलच्या त्या सकाळचं सारं मर्म या कुलपात आहे. कीथ हर्न हा मानसशास्त्राचा संशोधक विद्यार्थी. ॲलन वर्स्ली हा लहानपणापासून सजग स्वप्नं पाहणारा स्वयंसेवक. वर्स्लीनं आपण स्वप्नात जागे झालो की बाहेर कळवायचं, इतकंच काम. पण कळवायचं कशानं? बोलता येत नाही. हातात बटण दिलं तर बोट दाबलं जाईल ते स्वप्नातलं. बिछान्यातलं बोट कुलपात. हर्नच्या ध्यानात आलं की सगळं शरीर बंद असताना डोळे मात्र मोकळे असतात. रेमचं नावच डोळ्यांवरून पडलंय. स्वप्नातल्या माणसानं डावीकडे पाहिलं तर बिछान्यातले डोळेही डावीकडे वळायला हवेत. मग ठरलं : स्वप्न कळलं की डोळे डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे, असे ठरल्याप्रमाणे मोठ्या फेऱ्यांनी फिरवायचे.

वर्स्लीच्या डोक्याला, हनुवटीला आणि डोळ्यांच्या कडांना तारा लावल्या होत्या. कागदाची पट्टी सरकत होती. मेंदूच्या लहरी रेमच्या, हनुवटीची रेघ सपाट. म्हणजे स्नायू बंद, माणूस झोपेत, यात शंका नाही. डोळ्यांच्या रेघेवर रेमची नेहमीची वेडीवाकडी थरथर. आणि तिच्या मधोमध अचानक एकसारखे, उंच, रुंद, मोजूनमापून काढलेले हेलकावे. डावं, उजवं, डावं, उजवं. हनुवटीची रेघ तशीच सपाट. वर्स्ली जागा झालेला नव्हता. झोपेत होता, स्वप्नात होता, त्याला ते ठाऊक होतं, आदल्या रात्री दिलेला शब्द आठवत होता, आणि तो शब्द त्यानं पाळला होता.

माल्कमच्या युक्तिवादाला याहून सोपं उत्तर असू शकत नाही. झोपलेल्या माणसानं ठरवलं, आणि ठरवल्याचं कागदावर उमटलं.

एवढी मोठी गोष्ट, पण तिचा गाजावाजा झाला नाही. हर्नचा प्रबंध १९७८ साली लिव्हरपूल विद्यापीठात सादर झाला आणि बहुतांश तिथेच राहिला. अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज याला त्याची गंधवार्ताही नव्हती. त्यानं स्वतंत्रपणे तीच वाट काढली आणि १३ जानेवारी १९७८ रोजी आपल्याच डोळ्यांची खूण आपल्याच झोपेतून कागदावर आणली. तो स्वतःच प्रयोगकर्ता, स्वतःच झोपणारा. पुढे त्यानं आणखी एक पायरी गाठली. स्वप्नात डाव्या-उजव्या मुठी आवळत त्यानं मोर्सच्या लिपीत आपली आद्याक्षरं पाठवली : तीन डाव्या, मग एक डावी, एक उजवी, दोन डाव्या. मुठी हलल्या नाहीत, पण हाताच्या स्नायूंतली बारीकशी फडफड कुलपातूनही यंत्रावर पोचली. ‘सायन्स’ आणि ‘नेचर’ या दोन्ही मोठ्या नियतकालिकांनी त्याचं काम परत केलं. शेवटी १९८१ साली ते ‘पर्सेप्च्युअल अँड मोटर स्किल्स’मध्ये छापलं गेलं. त्यावर निद्राशास्त्राचे अध्वर्यू विल्यम डिमेंट यांचंही नाव होतं. तेव्हा कुठे जग ऐकू लागलं. हर्न आणि वर्स्ली यांचा मान त्यांना उशिरा मिळाला, आणि अजूनही पुष्कळ पुस्तकांत लाबर्जचंच नाव आधी येतं. मला हे खटकतं. प्रसिद्ध झाली नाही म्हणून पहिली गोष्ट दुसरी होत नाही.

आता त्या सकाळच्या वेळेकडे वळू. रेम झोप रात्रभर सारखी नसते. सुरुवातीच्या तासांत ती मिनिटांत मोजावी इतकी; पहाटेकडे तिचे पट्टे लांबत जातात. शरीराचं तापमान रात्रीच्या शेवटी शेवटी सर्वांत खाली येतं, आणि त्यानंतरच्या, म्हणजे सकाळच्या तासांत रेमचा जोर सर्वाधिक असतो. वर्स्लीची खूण आठनंतर आली ती म्हणून. लाबर्जनं पुढे जी रीत शिकवली तिचाही आधार हाच आहे. चार-पाच तास झोपायचं, उठून थोडा वेळ जागं राहायचं, आणि ‘पुढच्या स्वप्नात मला आठवेल की हे स्वप्न आहे’ असं मनाशी घोकत पुन्हा आडवं व्हायचं.

पीण्यातल्या पाळीवाल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. त्याच्यावर ते लादलेलं असतं. कर्नाटक सरकारच्या पुढाकारानं सत्तरच्या दशकात तुमकूर रस्त्याला ही वसाहत उभी राहिली. शेजारी जालहळ्ळीला एचएमटी १९५३पासून, भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४पासून. त्यांच्या सुट्या भागांची कामं करत लहान-लहान शेड वाढल्या आणि पसरत पसरत दक्षिण आशियातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींत हिचं नाव आलं. लेथ, मिलिंग, प्रेस, प्लेटिंग, पावडर कोटिंग, कपड्यांचे कारखाने. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडची मराठी बोलणारी पोरं इथे पाळीवर असतात. रेमचा जोर ज्या वेळी सर्वाधिक, त्याच वेळी ती झोपायला जातात. भांड्यांचा आवाज, शेजारचा मिक्सर, डोक्यावरून जाणारी मेट्रो यांनी ती झोप तुटते आणि पुन्हा जुळते. लाबर्जच्या विद्यार्थ्यानं गजर लावून जे मिळवायचं, ते इथे फुकट पडतं. हा फायदा आहे, असं मी मुळीच म्हणत नाही. तुटलेल्या झोपेची किंमत शरीर चुकवतं, आणि रात्रपाळीच्या माणसाला हवी असते ती सलग, काळोखातली, निवांत झोप. पण त्याला त्या झोपेत जे दिसतं ते खोटं नाही, हे त्याला ठाऊक असायला हवं.

मला स्वतःला स्वप्न ओळखू येतं ते सीएनसीच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावरून. जागेपणी एक्स आणि झेडचे आकडे पुन्हा पाहिले तरी तेच असतात; चाकोरी सुटली तर अलार्म येतो. स्वप्नात एकदा पाहावं तर एक आकडा, मान वळवून पाहावं तर दुसरा, आणि कधी दशांश चिन्हच नाहीसं झालेलं. स्वप्नात वाचलेली अक्षरं-आकडे स्थिर राहत नाहीत, हे या विषयावर लिहिणाऱ्या अनेकांनी नोंदवलंय. दिवसा दोनदा वाचायची सवय लावली तर ती स्वप्नातही उतरते. यंत्र जुळवून देणाऱ्या सेटरला ती सवय धंद्यानंच लागलेली असते.

याच शहरात, होसूर रस्त्यावरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञानाच्या संस्थेत, झोपेवर नेटानं काम झालंय. मज्जाशरीरशास्त्राच्या प्राध्यापक बिंदू कुट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विपश्यना करणाऱ्यांना प्रयोगशाळेत रात्रभर झोपवून त्यांच्या मेंदूच्या लहरी नोंदल्या. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली भारतात ही साधना शिकवायला सुरुवात केली आणि तिचं मुख्य केंद्र इगतपुरीत उभं राहिलं. बंगळुरूचं केंद्र पीण्यावरून जाणाऱ्या तुमकूर रस्त्यालगतच्याच आलूरला आहे. निम्हान्सच्या २०१०च्या निबंधात दिसलं की वय वाढेल तशी साधारण माणसाची गाढ झोप आटत जाते, पण विपश्यना करणाऱ्यांची तितकी आटत नाही, आणि त्यांची रेमही जास्त असते. २०१६ साली ज्येष्ठ साधकांच्या रेमची घडणच नवशिक्यांपेक्षा वेगळी असल्याचं त्यांनी मांडलं. ही सजग स्वप्नांची परीक्षा नव्हती, आणि तसं त्यांनी म्हटलेलंही नाही. तरी पतंजलीनं ज्या निद्राज्ञानाकडे बोट दाखवलं, त्याच्या अंगणात ईईजीची यंत्रं घेऊन कुणी उभं राहिलं असेल, तर ते इथे.

हर्वेचं अत्तर आत गेलं होतं, वर्स्लीची खूण बाहेर आली होती. दोन्ही वाटा एकत्र आल्या त्या २०२१ साली. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या चार गटांनी मिळून छत्तीस माणसांवर प्रयोग केले. अमेरिकेतल्या गटात केन पॅलर आणि कॅरन कॉन्कोली होते. रेममध्ये असलेल्या, खूण करून ‘मी स्वप्नात जागा आहे’ असं कळवलेल्या माणसाला बाहेरून हळू आवाजात गणित घातलं : आठ वजा सहा? झोपलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाचे डोळे डावी-उजवी फेरी दोनदा करून थांबले. दोन. हाच प्रश्न पुन्हा विचारला, पुन्हा दोन. एकूण १५८ प्रश्नांपैकी बरोबर उत्तरं आली ती १८.४ टक्क्यांना, निम्म्याहून जास्त वेळा काहीच उत्तर नाही. आकडा लहान आहे. पण ज्यांनी उत्तर दिलं त्यांच्यात चुकीचं उत्तर देणारे फार थोडे होते, आणि काहींना स्वप्नात तो प्रश्न आकाशवाणीसारखा किंवा रेडिओवरून आल्यासारखा ऐकू आला होता.

या सगळ्याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्याला मी पॉवर प्रेसवरच्या माणसांकडे पाहायला सांगतो. प्रेसखाली बोटं गेलेली माणसं पीण्यात ठिकठिकाणी आहेत. जखम भरते, प्लास्टर निघतं, भरपाईचे कागद फिरत राहतात; पण रात्री स्वप्नात प्रेसचा तोच रॅम पुन्हा खाली येतो. २००६ साली नेदरलँड्समध्ये स्पूरमाकर आणि फान डेन बाउट यांनी तेवीस जणांच्या लहानशा प्रयोगात, वारंवार भयस्वप्नं पडणाऱ्यांना सजग स्वप्नाचं तंत्र शिकवलं. त्यांची भयस्वप्नं कमी झाली. त्यासाठी स्वप्नात उडता यावं लागत नाही. दिवसा बसून त्याच स्वप्नाचा शेवट बदलून मनात पुन्हा पुन्हा पाहायचा, आणि रात्री ओळख पटली तर तो बदल करून पाहायचा : हात मागे घ्यायचा, यंत्राचं बटण बंद करायचं, किंवा नुसतं म्हणायचं की हे स्वप्न आहे आणि माझा हात बिछान्यात आहे. काहींना स्वप्नात पूर्ण जाग येत नाही, तरी दिवसाच्या सरावानंच भीती ओसरते. अपघातानंतर पहिल्या पाळीवर परत आलेल्या ऑपरेटरला हे सांगायला डॉक्टर लागतो, आणि त्याआधी त्याचं म्हणणं खरं मानणारा एक माणूस लागतो. कारखान्याच्या दवाखान्यात ‘झोप लागते का?’ हा प्रश्न विचारला जातो. ‘झोपेत काय दिसतं?’ हाही विचारायला हवा.